पिठलं-भाकरी पडते कितीला?

स्वस्तात घर कसं चालवायचं असं कुणी विचारलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, रेसिपी सांग ना. आमच्या भाचीचं नुकतंच लग्न झालंय, दोघं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, दोघांचेही पगार बरे आहेत, तरी वीस तारीख उलटली की बोंब. तिनेपण तेच विचारलं, मामी स्वस्तातले दहा पदार्थ लिहून दे. मी लिहायला बसले आणि पिठलं, आमटी, मुगाची खिचडी, मटकीची उसळ, थालीपीठ एवढं लिहून थांबले, कारण ही यादी तिला पाठच आहे की! यात गुपित काय आहे? पदार्थ सगळ्यांना माहिती असतात. पैसे वाचतात ते आज शिजवलेल्यातून उद्याचं काय निघणार हे आजच डोक्यात असलं की, आणि ते डोक्यात असणं यादीत लिहून देता येत नाही.

माझं माहेर बार्शीकडचं. आमच्याकडे वरण कधी एका दिवसाचं केलेलं मला आठवत नाही. सकाळी साधं वरण, हिंग-हळद-मीठ, झालं. रात्री त्याच वरणाला कांदा-लसणाची फोडणी, थोडं येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं मसाल्याचं पीठ, लावायचं की आमटी दाट, आणि वाटीभर डाळीत घरातली सगळी जेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाला काही उरलंच तर त्यात ज्वारीचं आणि बेसनाचं पीठ, ओवा, तिखट घालून धपाटे. डाळ एकदाच शिजली, तिच्यासाठी गॅस एकदाच जळला, जेवणं तीन. हेच हरभऱ्याचं. भिजवलेले हरभरे उकडले की ते पाणी ओतून द्यायचं नाही, त्याचा रस्सा. आणि ही काटकसर फक्त अडचणीच्या दिवसांत असते असंही नाही. पुरणपोळी म्हणजे आपल्याकडचा मोठा थाट, गूळ, डाळ, तूप, वेलची, सगळं सढळ हाताने, आणि त्याच दिवशी पुरणाच्या डाळीचं निथळलेलं पाणी जपून ठेवून त्याची कटाची आमटी होते. सणाच्या दिवशीही कट फेकायचा नाही. लग्न करून दुसऱ्या घरी आलेल्या मुलीला हे कुणी शिकवत नाही, तिने बघितलेलं असतं.

दोडक्याचंच घ्या. दोडका स्वस्त असतो तेव्हाच आणायचा, आणि आणला की त्याच्या वरच्या शिरा आधी सुरीने तासून घ्यायच्या, अगदी जाड नाही, थोडा हिरवा गर येऊ द्यायचा. त्या धुऊन फडक्यावर पसरायच्या, ओल्या राहिल्या तर तव्यावर नुसत्या शिजतात आणि चिवट होतात. मग लोखंडी तव्यावर चमचाभर तेल आणि मंद गॅस. सुरुवातीला काहीच होत नाही, वाटतं हे काय करतोय आपण, आणि मग एकदम कडा लाल व्हायला लागतात आणि उलथनं फिरवताना आवाज बदलतो, सळसळ येते. तेव्हा तीळ, किसलेलं सुकं खोबरं, शेवटी मीठ आणि तिखट, गॅस बंद. गार झाल्यावर हाताने चुरायची, मिक्सरला लावली तर माती होते. ही चटणी माझ्या मुलाला भाजीपेक्षा जास्त आवडते, म्हणजे ज्याचे पैसे दिले ते ताटात राहतं आणि फुकटचं आधी संपतं. फ्लॉवरचा कोवळा पाला, मुळ्याचा पाला, कोबीचा दांडा किसून थालीपिठात, कलिंगडाच्या सालीचा पांढरा भाग, यादी मोठी आहे पण मुद्दा तोच, की भाजीवाल्याने पाला मोडून ठेवायच्या आत "राहू दे तो" म्हणायचं सुचायला हवं.

सासर मालवणकडचं. तिथली काटकसर वेगळ्या वळणाची. सकाळी पेज. उकड्या तांदळाची, मीठ घालून, सोबत लोणच्याची फोड नाहीतर सुक्या बांगड्याचा तुकडा. सासूबाई अजूनही कुणी सकाळी घाईत निघालं की म्हणतात, "पेज पी गो आधी, मगे जा." मूठभर तांदळात चार माणसांचं पोट दुपारपर्यंत शांत, असा तो हिशोब. आणि पावसाळ्यासाठी सुकट, जवळा भरून ठेवायचा, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. कुळथाची पिठी तर काय, दोन चमचे पीठ, पाणी, लसूण, चार कोकमं, की कालवण तयार. माझ्या माहेरीही हेच कुळीथ, आम्ही हुलगे म्हणतो, आमच्याकडे त्याचे शेंगोळे होतात. दोन्ही घरं गरीबच होती, नुसता पाऊस वेगळा. (सुकट भाजली की आमच्या मजल्यावरचे शेजारी दार लावून घेतात, तो विषय परत कधीतरी.)

आता हिशोब. मी एकदा खरंच कागद घेऊन बसले की पाच माणसांची पिठलं-भाकरी पडते कितीला. सध्याच्या आमच्या दुकानातल्या भावाने सांगते. बेसन पावणेदोनशे ग्रॅम, साधारण १७ रुपये. दोन कांदे ६. मिरच्या, लसूण, कोथिंबीर मिळून ८. तेल दोन पळ्या, ६ धरा. ज्वारी पाऊण किलो ४१ आणि वर दळणाचे ५. शेवटी थोडासा भात लागतोच, त्याचे ८. झाले ९० च्या आसपास, गॅसचे आठ-दहा धरले की शंभर. माणशी २० रुपये. वडापाव आणि चहालासुद्धा याहून जास्त जातात.

बरं वाटलं एकदम. मग आठवलं की सरकारने पण हा हिशोब केलाय. शिवभोजन थाळी आली २६ जानेवारी २०२० ला. प्रत्येकी ३० ग्रॅमच्या २ चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भात, जेवणाऱ्याने द्यायचे १० रुपये. पण सरकारने त्या थाळीची किंमत शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ धरली होती, वरचे पैसे अनुदान म्हणून केंद्रचालकाला. म्हणजे सरकारी कागदावर शहरातलं एक साधं जेवण ५० रुपयांना पडतं आणि माझ्या कागदावर २० ला. मी काय सरकारपेक्षा हुशार आहे? माझी ज्वारी तर उलट महागाची. थाळीवाल्याला जागेचं भाडं आहे, भांडी घासायला माणूस आहे, पोळ्या लाटायला बाई आहे आणि तिला पगार आहे, त्याला स्वतःलाही चार पैसे सुटायला हवेत. माझ्या कागदावर भाडं दुसऱ्या खात्यात गेलं आणि पोळ्या लाटणारी बाई धरलीच नाही. ती बाई मी.

१९९५ ला शिवसेना-भाजप युतीचं सरकार आल्यावर एक रुपयात झुणका-भाकर निघाली होती, तेव्हा मी शाळेत होते, स्टँडजवळच्या केंद्रावर रांग असायची. ती योजना काही वर्षांत बंद पडली आणि पुढे बऱ्याच ठिकाणी त्या टपऱ्यांवर वडापाव, भुर्जी असलं काही मिळायला लागलं. तेव्हा मोठी माणसं म्हणायची एक रुपयात कसं परवडेल. एक रुपयात कधीच परवडत नव्हतं हो, घरातसुद्धा परवडत नव्हतं, घरात फक्त कुणी बिल लावत नव्हतं.

यावर कुणी म्हणेल की आपल्याच घरचं करतो त्याचं काय बिल लावायचं. ठीक आहे, नका लावू. पण मोजू तरी. केंद्र सरकारची २०२४ ची वेळ-वापर पाहणी आहे, त्यात घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायका दिवसाला २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि करणारे पुरुष ८८. जवळजवळ पावणेपाच तास आणि दीड तास. आणि माझा अनुभव असा की जेवण जेवढं स्वस्त तेवढे तास वाढतात. मेथीची जुडी घ्या, संध्याकाळी बाजार उठायच्या वेळेला दहाला मिळते, पण ती निवडायला अर्धा तास, माती जायला तीन पाणी. निवडलेली मेथी पाकिटात मिळते ती चाळीसला. तीस रुपये वाचले म्हणायचं की अर्धा तास तीस रुपयांना विकला म्हणायचं, ते तुम्ही ठरवा.

आजीची गोष्ट सांगायला हवी इथे. १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची, दुष्काळी कामावर. तिथे सुकडी, म्हणजे तयार कोरडं खाणं, मिळायची आणि घरी रेशनचा मिलो, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. मिलोची भाकरी थापताना चिरायची आणि गार झाली की चावायची नाही, असं ती सांगायची. आमटीत डाळ शोधावी लागायची. हे सगळं ती हसत हसत सांगायची, आणि आम्ही पोरं ऐकायचो कारण गोष्ट म्हणून छान होती. एक भाग मात्र ती कधी गोष्ट म्हणून सांगायची नाही, तो मला नंतर आईकडून कळला, की त्या वर्षभरात आजी बहुतेक रात्री जेवायचीच नाही. आधी आजोबा आणि दीर, मग पोरं, मग सासू, आणि मग पातेल्यात जे असेल ते. कधी खरवड, कधी पाणी.

दुष्काळ संपला तरी ती रीत संपली नाही. माझी आई नोकरी करणारी, घरात खायला कमी नव्हतं, तरी शेवटची जेवायची आणि शिळी भाकरी तिच्याच ताटात. आपण ज्याला आईच्या हाताची काटकसर म्हणून डोळे पुसतो ना, त्यातली बरीचशी बचत बाईच्या पोटातून काढलेली होती. पोरांच्या दुधात पाणी नाही घालायचं, मग कुणाचं दूध बंद करायचं? तिचंच. हे आता कुणी म्हटलं की जुनी माणसं दुखावतात. दुखावू देत. मी आमच्या घरात एवढं एक केलंय की भाकरी शिळी राहिली तर सगळ्यांच्याच ताटात तिचा कुस्करा, फोडणीत कांदा, शेंगदाणे घालून, वरून लिंबू. नाही आवडला तर सगळ्यांना नाही आवडला.

ज्वारीचं पण बघा काय झालंय. आमच्या लहानपणी पाहुणे आले की पोळी आणि घरच्यांना भाकरी. गहू महाग, ज्वारी स्वस्त. आज मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी मागायला जा, गव्हापेक्षा महाग. वरच्या हिशोबात भाकरीऐवजी पोळ्या धरल्या तर दहा-बारा रुपये कमीच होतात. ज्वारीचं रान सोयाबीनने आणि उसाने खाल्लं, शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, हाताने उपटायला मजूर मिळत नाही, रेशनवर वर्षानुवर्षं गहू-तांदूळ मिळाले तर ज्वारी पेरणार कोण आणि खाणार कोण, आणि त्यात २०२३ हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि डायटवाल्यांना भाकरी सापडली. आता हॉटेलात पिठलं-भाकरीची थाळी दोनशे-अडीचशेला मिळते, मातीच्या गाडग्यात. तेव्हा जुन्या काळची स्वस्त यादी घेऊन आज बाजारात गेलात तर फसाल. तूरडाळीची आमटी गरिबाची म्हणायची सवय आहे आपल्याला, पण तूरडाळ भडकली की मी सरळ मसूर आणि मूग आणते, सोलापूरकडचा पालकाचा गरगट्टा मसूर घालून केला तरी कुणाला कळत नाही. सासूबाईंना कळतं. त्या बोलत नाहीत. शेंगदाणे, सुकं खोबरं, सुकट, लसूण, हे एकेकाळचं साधं सामान होतं, लसूण तर २०२४ मध्ये चारशे रुपये किलोला गेलेला आपण बघितला. त्या मानाने अंडं अजून परवडतं, आठवड्यातून दोनदा अंड्याची आमटी होतेच.

आणि एक गोष्ट जी स्वस्ताईचे सल्ले देणारे सांगत नाहीत. स्वस्तात घ्यायला आधी हातात पैसे लागतात. उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरले, एरंडेल लावून, कडुनिंबाचा पाला टाकून डब्यात ठेवले की किलोमागे चांगले पैसे सुटतात, पण त्यासाठी एप्रिलमध्ये एकरकमी पाच-सात हजार हवेत आणि पोतं ठेवायला जागा हवी. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या ताई रोजच्या रोज तेल घेतात, वीस रुपयांचं सुट्टं, त्यांना लिटरमागे माझ्यापेक्षा जास्त पडतं. त्यांना काटकसर मी काय शिकवणार?

आमचा स्वतःचा खर्च कुठे गळतो ते मात्र सापडलं. डाळ-तांदळात नव्हताच. सरकारी खर्च पाहणीत २०२३-२४ ला शहरी घरांचा साधारण ४० टक्के खर्च खाण्यापिण्यावर निघाला आणि त्यात सगळ्यात मोठा हिस्सा पेयं, बाहेरचं खाणं आणि पाकीटबंद वस्तूंचा. आमच्या बिलातही तेच. बिस्किटांचे पुडे, सॉस, नूडल्स, दहा मिनिटांत घरी आणून देणाऱ्या ॲपवरून मागवलेली कोथिंबीर, आणि कोथिंबिरीसोबत डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून मागवलेलं आइस्क्रीम. पिठल्यावर वाचवलेले पैसे आइस्क्रीमने नेले. आता संध्याकाळी पाचला काहीतरी तयार असतं, भाजके पोहे, चुरमुऱ्याचा चिवडा, उकडलेले शेंगदाणे, सोलापुरातून आलेल्या कडक भाकरीवर दही आणि शेंगाचटणी. तयार नसलं की पुडा फुटतो. साधं गणित आहे, पण ते पाचच्या आधी कुणीतरी केलेलं असावं लागतं.

हे "कुणीतरी" मी माझ्या नवऱ्याला समजवायला बराच काळ घालवला. तो आळशी नाही. "सांग काय आणायचं, आणतो" हे त्याचं वाक्य, आणि तो आणायचाही. पण काय आणायचं हे सांगण्यासाठी फ्रीजमध्ये अर्धा दुधी आहे, तो उद्या नाही केला तर जाईल, मटकी आज भिजवली तर परवा उसळ, परवा सासूबाईंची चतुर्थी म्हणजे शेंगदाणे आणि साबुदाणा, दूध नासायला आलंय त्याचं पनीर, हे सगळं माझ्या डोक्यात दिवसभर चालू. ऑफिसात मीटिंगमध्ये बसून मी मटकीचा विचार करते. पोळ्या लाटायला बाई ठेवता येते, भांडी घासायला ठेवता येते, पण मटकी भिजवायची आठवण ठेवायला बाई मिळत नाही.

गेल्या दिवाळीनंतर माझी शिफ्ट सकाळची झाली आणि मी त्याला म्हटलं, आता रात्रीचं जेवण आणि किराणा तुझा. मदत नको, सगळंच तुझं. मी विचारणार नाही आणि तू मला विचारायचं नाही. पहिल्या महिन्यात तूरडाळ दोनदा आली आणि मीठ एकदाही नाही. बुधवारी रात्री साडेआठला मीठ मागायला माझा मुलगा वाटी घेऊन समोरच्या दारात. मी गप्प बसले, फार त्रास झाला गप्प बसायला. त्याचं पिठलं पहिल्यांदा गुठळ्या गुठळ्या, कारण उकळत्या पाण्यात एका हाताने पीठ भुरभुरवत दुसऱ्या हाताने हलवत राहायचं असतं हे त्याने बघितलंच नव्हतं कधी. आधी पीठ पाण्यात कालवून ओतलं तरी चालतं, मोकळा झुणका नको असेल तर, हे सासूबाईंनी त्याला सांगितलं. पन्नाशीला आलेल्या मुलाला त्या ओट्याशी उभं करून शिकवत होत्या आणि मला तेव्हा जरा रागच आला, हे वीस वर्षांपूर्वी का नाही शिकवलं म्हणून.

आता जमतंय. त्याची पद्धत वेगळी आहे, तो फ्रीजच्या दारावर काय उरलंय ते लिहितो, मी कधी लिहिलं नव्हतं. दोडक्याच्या शिरा टाकून देतो, त्यावरून आमचं एकदा झालं. किराण्याचं बिल माझ्यापेक्षा चार-पाचशेने जास्तच येतं, अजूनही. परवा सासूबाई म्हणाल्याच, तू करायचीस तेव्हा इतकं येत नव्हतं. मी म्हटलं येऊ दे. सध्या त्याच्या डोक्यात शाळूने घर केलंय, ओळखीच्या कुणाकडून तरी मंगळवेढ्याहून थेट अर्धं पोतं मागवतोय, किलोला दहा रुपये तरी सुटतील म्हणतो. ठेवणार कुठे ते मी विचारलेलं नाही.